उजवीकडून पहिला खण

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस एखाद्या वैद्याचे औषधांचे कपाट समजतो. त्यात त्याची चूक नाही. छातीइतकी उंची, समोर लहान लहान खणांच्या सहा ओळी, एका ओळीत चार खण आणि प्रत्येक खणाला ओढायला पितळेची कडी, असे माझे रूप. पण माझा जन्म औषधांसाठी झाला नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयातले कार्डांचे कपाट आहे. प्रत्येक पुस्तकाचे एक जाड कागदाचे कार्ड करतात. त्यावर लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि ते कुठल्या जागी ठेवले आहे त्याचा आकडा लिहितात. ही कार्डे लेखकांच्या नावांप्रमाणे अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने लावून माझ्या खणांत ठेवत. ज्याला पुस्तक हवे त्याने खण ओढायचा, कार्ड शोधायचे आणि आकडा सांगायचा. एवढेच माझे काम. साधे वाटते ना? ऐका तर मग.

कळंबच्या बाजूला आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. त्याची यंत्रे मोठमोठ्या देवदारी खोक्यांतून आली. यंत्रे बसली आणि खोकी गोदामाबाहेर उन्हात पडून राहिली. त्याच फळ्यांतून ईरण्णा सुतारांनी मला घडवले. माझ्या काही खणांच्या तळाला खोक्यांवरची काळी अक्षरे अजून दिसतात. ईरण्णा उमरग्याकडचे. बोलणे थोडे आणि रंधा जास्त, असा माणूस. फक्त एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

"कुठला बी खण कुठं बी घाला," ते म्हणायचे. "अडकला तर ईरण्णा नाव सांगणार न्हाय."

मी अर्धवट तयार होते तेव्हा दोन माणसे मला पाहायला आली. एक होते आबाराव. ते कारखान्याचे संचालक आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे सचिव. पांढरी टोपी, मोठा आवाज. दुसरे होते कॉलेजचे ग्रंथपाल बब्रुवान. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची पन्नाशी उलटली होती. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, आणि खिशाला टाक खुपसावा तसे झाकणाचे पेन.

आबारावांनी माझ्यावर थाप मारली.

"बब्रुवान, कारखान्यात मशीन आलं तवा आमी काय केलं? शिकलेला फिटर आणला. पुस्तकांचं बी आता तसंच झालंय. विद्यापीठ म्हणतंय, पुस्तकांना आकडे पायजेत, कार्डं पायजेत आन् ग्रंथपाल शिकलेला पायजे."

"म्या मॅट्रिक हाय की, आबासाहेब."

"तू निजामाच्या राज्यातला मॅट्रिक. तवाची शाळा उर्दूतली. म्या न्हाय म्हणत न्हाय, पर त्यानं आता भागना झालंय. उन्हाळ्यात ग्रंथपालनाचा वर्ग असतो, तो करून ये. पुढल्या साली समिती येणार. तिला समदं नीट दिसलं तर खुर्ची तुझी. न्हाय तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. मग माझ्यावर रुसायचं न्हाय."

"रुसायचं कशापायी? येतो की शिकून," अण्णा म्हणाले आणि हसले. पण त्यांचा हात माझ्या कडेवरून असा फिरत होता, जसा माणूस दुसऱ्याच्या बैलावरून फिरवतो. हा मारका तर नाही ना, असे आजमावत.

मित्रांनो, माझ्या आधी ग्रंथालय कसे चालत असे ते मी मथुराबाईंच्या तोंडून ऐकले. मथुराबाई तिथे झाडलोट करत, पुस्तकांवरची धूळ झटकत आणि दिवसभर बोलत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्यातून सुटून त्या इथे आल्या, म्हणून झाडू मारतानाही त्या खुशीत असत. त्या सांगत की अण्णा म्हणजेच ग्रंथालय होते. भिंतीला जाळीची एक खिडकी होती. मुले बाहेर, पुस्तके आत आणि मध्ये अण्णा. मुलगा नुसते म्हणे, "अण्णा, ते इतिहासाचं." की अण्णा उठत आणि दोन मिनिटांत पुस्तक खिडकीत येई. आकडा नाही, कार्ड नाही.

दुष्काळाच्या साली कॉलेज नुकतेच निघाले होते. मुले दिवसा खडी फोडायला जात आणि दिवस मावळायच्या वेळी खिडकीशी येत. हात धुवायला पाणी नसे. अण्णांनी जाळीला एक कोरडे फडके बांधून ठेवले होते. "हात पुसा, मग पुस्तक," हा त्यांचा नियम. त्या मुलांत बेंबळीचा एक मुलगा होता, गुलाब. बौद्ध कुटुंबातला, वसतिगृहात राहणारा, फार न बोलणारा. तो फडक्याने एकेक बोट पुसे आणि मगच हात पुढे करी. अण्णांना ते फार आवडे. पुढे तो औरंगाबादेला ग्रंथालयशास्त्र शिकायला गेला. "माझ्या खिडकीवरचं पोरगं," असे अण्णा अभिमानाने सांगत.

उन्हाळा सरला आणि अण्णा वर्ग करून परत आले. तोवर मला ग्रंथालयात, जाळीच्या खिडकीबाहेर मुलांच्या बाजूला, आणून ठेवले होते. पिशवी टेबलावर ठेवून ते मथुराबाईंना सांगू लागले.

"पहिल्या दिवशी वर्गात शिरलो, तर समदी पोरं उठून हुबी राहिली."

"का वो?"

"त्यांस्नी वाटलं म्याच शिकवाया आलोय. म्या मागच्या बाकावर जाऊन बसलो, तवा कुठं खाली बसली."

मथुराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "मग आलं का काई डोसक्यात?"

"आलं तर! पास झालोय. पुस्तकाला आकडा कसा द्यायचा, कार्डावर आडनाव आधी कसं लिवायचं, समदं आलं. दाखवायला एक खण बी आणला होता त्यांनी. ह्यो असाच, कार्डं ओवायच्या सळईचा."

एकच खण. मित्रांनो, ही गोष्ट तेव्हा मला मोठी वाटली नाही. पण एकट्या खणाला डावे-उजवे नसते. चार खण शेजारी बसले की मगच ते येते.

मग कार्डे लिहिणे सुरू झाले. आषाढ गेला, श्रावण गेला, अण्णांचे लिहिणे चालूच. त्यांचे अक्षर पाहण्यासारखे होते. प्रत्येक अक्षर स्वतंत्र, टोपी घालून उभे. चूक झाली तर ते खाडाखोड करत नसत, कार्ड फाडून नवे घेत. गठ्ठा मोजताना मात्र त्यांच्या तोंडून लहानपणची शाळा बाहेर पडे, "एक, दो, तीन, चार..." आणि मथुराबाई मागून म्हणत, "आली निजामाची स्वारी."

खणांवर अक्षरे दाखवण्यासाठी पितळेच्या चौकटी लागणार होत्या. चोवीस हव्या होत्या, बाजारात सहाच मिळाल्या. ओळीला एक चौकट लावू, असे ठरले. ईरण्णा स्क्रू घेऊन बसले.

"पयल्या खणावर लावा, इथं," अण्णांनी बोट ठेवले. ते बोट प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाच्या खणावर होते.

ईरण्णांनी मान वर केली. "उजवीकडं?"

"मग कुठं? सुरुवात तिथनंच की."

ईरण्णांना काही वाटले असावे. पण ते पडले सुतार, आणि समोर वर्ग करून आलेला ग्रंथपाल. त्यांनी स्क्रू पिळला. चौकटीत अण्णांनी चिठ्ठी सरकवली, 'अ ते ऐ'. मग उजवीकडच्या खणात अ, त्याच्या डावीकडच्यात आ, असे डाव्या टोकापर्यंत जात त्यांनी कार्डे भरली. पुढच्या प्रत्येक ओळीतही तसेच. आतल्या मांडण्यांवर पुस्तकेसुद्धा त्यांनी याच रीतीने लावली. मुलांना आत जायला बंदी होती. त्यामुळे ते कोणाला दिसले नाही.

अण्णांना वाचता सगळे येत होते. मराठी तर ते सुरेख लिहीत. पण लहानपणी ज्या हाताने उजवीकडून लिहायची उर्दूची ओळ धरली, तो हात एकटा असताना त्याच वाटेने गेला. हाताला कोण विचारणार? आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. मी लाकूड. मला भरतील तशी मी भरले.

मला कळले ते पहिला विद्यार्थी आला तेव्हा.

तो आला आणि सरळ वरच्या ओळीचा डाव्या टोकाचा खण ओढला. त्याला अ वरून नाव सुरू होणारा लेखक हवा होता. हाताला ए आणि ऐ लागले. त्याने दुसरा खण ओढला, तिसरा ओढायच्या आत कंटाळला आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "अण्णा, ते अर्थशास्त्राचं द्या की." अण्णा लगेच उठले. मग दुसरा आला, तिसरी आली. सगळ्यांचे हात आधी डावीकडेच. दोन खण ओढायचे, चुळबुळ करायची आणि खिडकीकडे वळायचे. काहींना पुढे उमगलेही. दोघी मैत्रिणींतली एक दुसरीच्या कानात म्हणाली, "उलटं लावलंय गं समदं."

"सांग की मग अण्णांना."

"मी न्हाय बाई. तू सांग."

दोघी तोंडावर हात धरून निघून गेल्या. कोणीच सांगितले नाही. काहींना भीती, काहींना संकोच, काहींना वाटले ग्रंथालयात असेच असते. मी तिथेच होते, भिंतीला पाठ लावून. रोज माझे चुकीचे खण ओढले जात आणि रोज ते परत ढकलले जात.

आणि अण्णा? ते खुशीत होते. खिडकीवरची गर्दी कमी झाली नव्हती.

"बघा मथुराबाई," ते म्हणायचे. "म्या भीत होतो, कपाट आलं की आपल्याला कोण इचारतंय. पर पोरं अजून माझ्याकडंच येत्यात."

"येणारच की! लाकडाला का माया असती?" मथुराबाई मला फडक्याने पुसत म्हणायच्या. "हे शोभेला बरं हाय."

जी गर्दी त्यांना धीर देत होती, तीच त्यांची चूक झाकत होती. मला हे दिसत होते आणि माझ्याने काही होत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत गुलाब आला. आता त्याला मिशी फुटली होती आणि डोळ्यांवर चष्मा होता. अण्णांना इतका आनंद झाला, की ते खिडकीतून न बोलता दार उघडून बाहेर आले.

"ये, ये. बघ आमचं कपाट. तुमच्या औरंगाबादेला हाय का असं?"

गुलाब माझ्यासमोर उभा राहिला. त्याने डावीकडचा खण ओढला, कार्डांवरून बोट फिरवले आणि थांबला. मग शेजारचा. मग उजव्या टोकाचा. त्याने खालच्या ओळींतलेही पाहिले. शिकलेला हात होता तो, त्याला दोन मिनिटांत सगळे कळले. मित्रांनो, त्या वेळी मला वाटले, आता हा सांगेल. हा सांगेल आणि दिवस मावळायच्या आत सगळे नीट होईल.

"कसं वाटलं?" अण्णांनी विचारले. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखा झाला होता.

गुलाबने खण हळूच ढकलला. "अक्षर लई सुंदर आलंय, अण्णा."

"अक्षर जाऊ दे. काम कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

मग त्यांनी चहा घेतला आणि गुलाब बेंबळीच्या गाडीला निघून गेला.

उन्हाळा लागायच्या सुमारास समिती आली. आदल्या दिवशी मथुराबाईंनी मला गोडेतेल लावून पुसले होते. अण्णांनी नवा सदरा घातला होता. पाहुणे चार होते. त्यांच्या मागे आबाराव, आणि त्यांच्याही मागे प्राचार्य. आबाराव मोठ्या आवाजात सांगत होते, "आमच्या बब्रुवाननं या वयात परीक्षा दिली, साहेब. एकहाती कार्डं लिवली समदी."

"वा," पाहुण्यांतले एक चष्मेवाले प्राध्यापक म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले. त्यांनी वरच्या ओळीतला डाव्या टोकाचा खण ओढला. "बघू तर, पहिलंच कार्ड कुणाचं आहे."

मी लाकूड आहे, पण त्या क्षणी फुगून बसता आले असते तर बसले असते. पावसाळ्यात काही दारे बसतात तसे. पण ईरण्णांचे काम चोख होते. खण लोण्यासारखा बाहेर आला.

"हे तर ए आहे," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी शेजारचा खण ओढला. मग त्याच्या शेजारचा. मग खाली वाकून दुसरी ओळ पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला आणि मग हसू. "अहो, हे सगळं उजवीकडून आहे! काय हो ग्रंथपाल, उर्दूत लावलंय की काय?"

पाहुणे हसले. प्राचार्य हसले. शेवटी आबारावही हसले, पण त्यांचे हसू ओठांवरच राहिले. प्राध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटले, आपण गंमत केली. त्यांना काय ठाऊक, की गंमत म्हणून बोललेले ते अगदी खरे होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. इतके महिने जे रोज पाहिले, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते पुढे आले.

"साहेब, चूक झाली. आत्ता दुरुस्त करतो. खण निघत्यात, समदे निघत्यात..." त्यांनी एक खण उपसून दोन्ही हातांत घेतला.

"राहू द्या आता," प्राध्यापक म्हणाले. "मांडण्या बघू."

ते आत गेले. आत काय दिसणार होते ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर आले तेव्हा कोणी हसत नव्हते. चहा तयार असल्याचे कोणीतरी सांगितले आणि सगळे निघून गेले. अण्णा मात्र हातात खण धरून तसेच उभे होते.

"अण्णा, ठिवा की ते खाली," मथुराबाई म्हणाल्या. "लेकरू धरल्यावानी काय धरलंय?"

"कुठं ठिवू? कुठली जागा कुणाची, हेच कळंना झालंय."

"चूक माणसाकडनंच होती, अण्णा."

"चुकीचं न्हाय वो, मथुराबाई. सहा-सात महिनं झालं. एवढी पोरं रोज येत होती. एकानं बी सांगितलं न्हाय?"

मथुराबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांनी अण्णांच्या हातातून खण घेतला आणि टेबलावर ठेवला.

समितीचे म्हणणे आले की पदवीधर, शिकलेला ग्रंथपाल नेमावा. आबारावांनी दिलेला शब्द पाळला. म्हणजे जो त्यांनी माझ्यावर थाप मारून दिला होता तो. ते स्वतः सांगायला आले, एवढे खरे. "बब्रुवान, माझ्या हातात असतं तर..." असे म्हणून ते अर्ध्यावर थांबले. माझ्या हातात, तुझ्या हातात, असे त्या दिवशी कोणाच्याच हातात काही नव्हते.

नवा ग्रंथपाल म्हणून गुलाबची नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा अण्णा खुर्ची रिकामी करून बाजूला उभे होते. गुलाबने पिशवी खाली ठेवली, पण तो खुर्चीवर बसला नाही. दोघेही खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग अण्णाच म्हणाले, "चला गुलाबराव, आधी कपाट नीट करू."

"अण्णा, गुलाबच म्हणा की."

"खुर्चीला नुसत्या नावानं हाक मारायची नसती."

"मग तुमी बसा तरी. मी करतो."

"म्या लावलंय, म्याच काढणार."

दोघांनी मिळून माझे सगळे खण उपसले आणि जमिनीवर मांडले. ईरण्णांचा शब्द खरा होता, कुठलाही खण कुठेही बसत होता. चहा गार होण्याच्या आत माझे पोट उलट्याचे सुलटे झाले. चौकटी काढून डावीकडे लावायला थोडा वेळ गेला, तेवढाच. मांडण्यांना दोन दिवस लागले असतील. ज्यासाठी एका माणसाची खुर्ची गेली, ते काम इतके लहान होते.

खण देता-देता अण्णा थांबले.

"एक इचारू का? दिवाळीला आला होता तवा तुमास्नी दिसलं होतं?"

गुलाबने मान खाली घातली. "व्हय, अण्णा."

"मग?"

"तुमी लई आनंदात होता. मी तुमच्या हातनं पुस्तकं घेतलेला माणूस. तुमची चूक मी कशी काढू? जीभ उचलली न्हाय."

"मान राखला माझा."

"व्हय."

"समद्यांनीच राखला," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. त्यांनी पुढचा खण उचलला. "घ्या. ह्यो दुसरा. आ."

गुलाबने तो घेतला, पण चष्मा पुसायला त्याला तो पुन्हा खाली ठेवावा लागला.

गुलाब आबारावांकडे दोनदा जाऊन आला. अण्णांना साहाय्यक म्हणून ठेवा, असे त्याने विनवले. तशी जागाच मंजूर नव्हती; अण्णा शिपायाच्या जागेवर राहिले. मग त्याने पुढच्या वर्षी एक मोठा बदल केला. खिडकीची जाळी काढली आणि मुलांना मांडण्यांपर्यंत मोकळे सोडले. प्रत्येकाने आत जावे, पुस्तके हाताळावीत, हवे ते घ्यावे. मित्रांनो, ते फार चांगले झाले. मुले मांडण्यांमध्ये तासन्‌तास उभी राहू लागली. माझ्या खणांना उसंत मिळेना. यात वाईट काहीच नव्हते. फक्त खिडकी राहिली नाही, आणि मुले मोकळी आत-बाहेर करू लागल्यावर दाराशी पिशव्या तपासायला एक माणूस लागला. अण्णांना दाराशी स्टूल मिळाले.

तेही काम त्यांनी शिकून घेतले. पिशवी अशी उघडायची की मुलाला आपण चोर आहोत असे वाटू नये, हे त्यांना लवकर जमले. कधी एखादा नवा मुलगा दारातच विचारी, "आजोबा, भूगोलाचं पुस्तक कुठं असतंय?" अण्णा स्टुलावरून अर्धे उठत. मग दार सोडता येत नाही हे आठवून खाली बसत आणि म्हणत, "आत इचार बाळा, सरास्नी." मला ते दिसत असे, कारण माझी जागा दारासमोरच होती.

ते निवृत्त झाले त्या दिवशी छोटा समारंभ झाला, नारळ आणि शाल. आबाराव चांगले बोलले. गुलाबला बोलायला सांगितले तर तो नुसता पाया पडला. नंतर अण्णा माझ्याजवळ आले. वरच्या ओळीतला डाव्या टोकाचा खण त्यांनी थोडा ओढला, पाहिले आणि नीट ढकलला. मग गेले. पुन्हा आले नाहीत. कोणी म्हणे परंड्याला लेकीकडे राहतात. कपाटाला बातमी सांगायला कोण येणार?

पुढे अनुदानातून लोखंडी कपाट आले, राखाडी रंगाचे. त्याला प्रत्येक खणावर चौकट होती. कार्डे नव्याने टंकलेखनयंत्रावर काढली गेली आणि अण्णांच्या अक्षरातल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर मुले गणिते करू लागली. मला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. आता माझ्या खणांत मोहरी आहे, हळद आहे, एका खणात काड्यापेट्या. मी तक्रार करत नाही. रिकामे राहण्यापेक्षा हे बरे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी मोठे माणूस नव्याने काही शिकत असेल. संध्याकाळी कंदील घेऊन प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जाणारे आजोबा असतील. पाटीवर उलटे अक्षर काढून "बरोबर हाय का?" असे विचारणारी आजी असेल. त्यांना हसू नका, हे तर तुमचे गुरुजी सांगतातच. मी आणखी एक सांगते. त्यांचा मान राखायचा म्हणून गप्पही बसू नका. चारचौघांत नको, दुसऱ्या कोणी हसायच्या आत, शेजारी जाऊन बसा आणि हळूच सांगा, "आजी, हे इकडून." त्यांना क्षणभर वाईट वाटेल. तेवढे वाटू द्या. अण्णांना ते क्षणभराचे वाईट कोणी दिले नाही, म्हणून उरलेली सगळी वर्षे त्यांना दाराशी काढावी लागली.

मला सांगता आले असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते. मला चोवीस खण होते, पण तोंड एकही नव्हते. तुम्हाला आहे.